पुसलेल्या फितींचा पाठ : ‘डॉक्टर हू’, बीबीसी आणि डीव्हीडीवरची ‘संपूर्ण’ मालिका

२९ ऑक्टोबर १९६६, शनिवारची संध्याकाळ. ब्रिटनमधील घराघरांतल्या दूरचित्रवाणी संचांवर एक वृद्ध गृहस्थ जमिनीवर कोसळतो, पडदा प्रकाशाने भरून जातो आणि त्याच्या जागी दुसराच चेहरा उमटतो. बीबीसीच्या ‘डॉक्टर हू’ या मालिकेच्या नायकाने प्रथमच रूप पालटले ते या क्षणी. विल्यम हार्टनेल गेले, पॅट्रिक ट्राउटन आले. थकलेल्या अभिनेत्याला निरोप देताना मालिका थांबू नये म्हणून शोधलेली ही युक्ती होती, आणि तिच्याच बळावर ती मालिका पुढील अनेक दशके जगली.

हा प्रसंग ज्या भागात होता, तो ‘द टेन्थ प्लॅनेट’ या कथेचा चौथा भाग. तो आज उपलब्ध नाही. त्याची चित्रफीत पुसली गेली आणि फिल्मवरची प्रतही हाती लागलेली नाही. रूपांतराचे ते काही सेकंद तेवढे वाचले, कारण ‘ब्लू पीटर’ या मुलांच्या कार्यक्रमाने १९७३ साली ते आपल्या एका भागात दाखवले होते.

तरीही २०१३ साली ही कथा चारही भागांसह डीव्हीडीवर आली. पहिले तीन भाग जुन्या फिल्मवरून घेतलेले, तर चौथा भाग मूळ ध्वनीवर नव्याने रेखाटलेल्या ॲनिमेशनचा. मग ही कथा ‘संपूर्ण’ मिळाली असे म्हणावे का? आजचा धागा या एका प्रश्नाभोवती आहे.

एखादी बखर हाती आली की आपण आधी काय विचारतो? ही प्रत कोणाच्या हातची? कोणत्या प्रतीवरून नक्कल केलेली? मधली पाने गहाळ आहेत का, आणि असतील तर ती कोणी, केव्हा भरून काढली? जुन्या मालिकेच्या डीव्हीडीला हेच प्रश्न विचारले पाहिजेत. चकचकीत पेटीमुळे आपण ते विचारायचे विसरतो, एवढेच.

आधी पुसण्याची गोष्ट.

१९६०च्या दशकात बीबीसी आपले नाट्यप्रयोग दोन इंच रुंदीच्या चित्रफितीवर मुद्रित करीत असे. ही फीत महाग होती आणि तिचा मोठा गुण असा की ती पुसून पुन्हा वापरता येई. अभियांत्रिकी विभागाच्या दृष्टीने ती एक पाटीच होती: धडा झाला, पाटी पुसली. कार्यक्रम पुन्हा दाखवण्यावर अभिनेत्यांच्या ‘इक्विटी’ या संघटनेबरोबरच्या करारांची बंधने होती. ठरावीक मुदतीनंतर पुनःप्रक्षेपणासाठी नव्याने वाटाघाटी आणि नवे मानधन. त्यात १९६९च्या नोव्हेंबरात बीबीसीची मुख्य वाहिनी रंगीत झाली आणि कृष्णधवल कार्यक्रमांना गिऱ्हाईकच उरले नाही. घरी बसून जुनी मालिका विकत घेऊन पाहता येईल, ही कल्पना तेव्हा कोणाच्या हिशेबातच नव्हती.

या कथेत खलनायक शोधू नये. फीत पुसणारा तंत्रज्ञ आपले काम चोख करीत होता. बीबीसीचे फिल्म ग्रंथालय फिल्मवरचे साहित्य सांभाळत होते आणि चित्रफिती ही आपली जबाबदारी नव्हे, असे मानत होते. अभियांत्रिकी विभागाला फिती हव्या होत्या, त्यावरचे कार्यक्रम नव्हे. परदेशी विक्री पाहणाऱ्या ‘बीबीसी एंटरप्रायझेस’ला वाटे की मूळ प्रत ग्रंथालयात असणारच, तेव्हा मुदत संपलेल्या आपल्या प्रती टाकल्या तर काय बिघडले? तिघांनीही दुसऱ्याकडे बोट दाखवण्याची गरज नव्हती, कारण प्रश्नच कोणी विचारला नव्हता. दफ्तरे अशीच जातात. आगीपुरापेक्षा ‘ते दुसऱ्या खात्याकडे असेल’ या समजुतीने अधिक.

परिणाम असा की १९६३ ते १९६९ या सहा वर्षांतील २५३ भागांपैकी एकाचीही मूळ प्रक्षेपण-चित्रफीत आज उरलेली नाही.

मग आपण जे पाहतो ते काय आहे? ती आहे परदेशी विक्रीसाठी काढलेली नक्कल. पद्धत अगदी साधी होती. खास बनवलेल्या एका सपाट पडद्यावर कार्यक्रम चालवायचा आणि समोर फिल्म कॅमेरा लावून तो १६ मिलिमीटरच्या कृष्णधवल फिल्मवर उतरवायचा. देशोदेशीच्या वाहिन्यांची तांत्रिक मानके वेगळी असली तरी फिल्म दाखवण्याची सोय सर्वत्र होती. ही रिळे ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, हाँगकाँग, नायजेरिया अशी फिरत. पुष्कळदा एका देशाने दाखवून झाली की तीच रिळे पुढच्या देशाकडे जात, आणि शेवटच्या मुक्कामी ती परत पाठवावीत किंवा नष्ट करावीत, असा करार असे.

त्या नष्ट करण्यात कसूर झाली, म्हणून आज आपल्या हाती काही आहे. एरवी आपण दफ्तरखान्यांतील ढिलाईला नावे ठेवतो. इथे तिचे आभार मानावे लागतात.

१९७८ साली हा विध्वंस थांबला. त्या वर्षी इयान लेव्हिन या चाहत्याने एंटरप्रायझेसकडे जाऊन चौकशी केली, तेव्हा डॅलेक या यंत्रशत्रूंच्या पहिल्याच कथेची रिळे टाकून देण्याच्या वाटेवर होती. ती वाचली. त्याच सुमारास बीबीसीने दूरचित्रवाणी संग्रहासाठी निवडकर्ता असे पद निर्माण केले आणि त्यावर सू माल्डन यांची नेमणूक झाली. कार्यक्रम नेमके कसे आणि कोणत्या वाटेने नाहीसे झाले याचा माग काढण्यासाठी त्यांनी नमुना म्हणून निवडली ती हीच मालिका.

त्यानंतरचा शोध म्हणजे एक स्वतंत्र कादंबरी आहे. १९८३ साली लंडनमधील एका मॉर्मन चर्चच्या तळघरात दोन भाग निघाले. १९९१च्या अखेरीस ‘द टूम ऑफ द सायबरमेन’चे चारही भाग हाँगकाँगहून परतले. १९९९ साली न्यूझीलंडमध्ये ‘द क्रुसेड’चा पहिला भाग एका संग्राहकाकडे मिळाला, त्याच्यावरचे ओरखडे आजही डीव्हीडीवर दिसतात. २०१३ साली फिलिप मॉरिस यांनी नायजेरियातील जोस शहरातून नऊ भाग परत आणल्याचे जाहीर झाले. त्यामुळे ‘द एनिमी ऑफ द वर्ल्ड’ ही कथा पूर्ण झाली आणि ‘द वेब ऑफ फिअर’ एका भागाने अपुरी राहिली: तिचा तिसरा भाग त्या रिळांमध्ये नव्हता. या शोधानंतर हरवलेल्या भागांची संख्या ९७ उरली.

आता या ९७ भागांविषयी एक विलक्षण गोष्ट. त्यांचे चित्र गेले, पण आवाज सगळ्यांचा आहे. एकाही अपवादाशिवाय. कारण त्या काळातली काही मुले आणि तरुण आपल्या घरच्या टेपरेकॉर्डरवर दर शनिवारी कार्यक्रमाचा ध्वनी उतरवून ठेवत होते. कोणी संचाच्या कर्ण्यासमोर मायक्रोफोन धरला, कोणी थेट संचाच्या आतल्या तारांना जोडणी केली. एवढ्या मोठ्या संस्थेने जे टाकले, ते चाहत्यांच्या घरांतून परत आले.

स्थिरचित्रेही आहेत. जॉन क्युरा नावाचे छायाचित्रकार आपल्या घरी दूरचित्रवाणी संचासमोर कॅमेरा लावून चालू कार्यक्रमाची छायाचित्रे टिपत आणि ती अभिनेत्यांना व दिग्दर्शकांना विकत. एका भागाची साठ-सत्तर छायाचित्रे सहज होत. मुद्रण घरी जपण्याचे साधन नसलेल्या कलावंतांना आपल्या कामाची तेवढीच आठवण. क्युरा यांनी पोटापाण्यासाठी केलेला हा व्यवसाय आज प्राथमिक साधनाच्या दर्जाला पोहोचला आहे.

आणि तिसरे साधन सर्वांत विनोदी. ऑस्ट्रेलियातील परिनिरीक्षकांना मुलांसाठी भयंकर वाटलेली दृश्ये कापून काढली जात, आणि कापलेले फिल्मचे तुकडे कागदपत्रांसह जपून ठेवले जात. १९९६ साली ते तुकडे तिथल्या राष्ट्रीय अभिलेखागारात सापडले. काही कथांचे जे थोडे हलते चित्र आज उरले आहे, ते नेमके ‘दाखवण्याच्या लायकीचे नाही’ म्हणून वगळलेले आहे! गळा दाबणे, किंकाळी, राक्षसाचा हात. त्यावरून मालिकेविषयी मत बनवणारा इतिहासकार पार फसेल. टिकलेले साधन हे प्रातिनिधिक साधन असेलच असे नाही, हे समजावून देणारे यापेक्षा चांगले उदाहरण माझ्या पाहण्यात नाही.

आता डीव्हीडीकडे येऊ. एवढे विखुरलेले साहित्य एकत्र आणून, शुद्ध करून प्रकाशित करण्याचे माध्यम म्हणून ती चकती खरोखरच उपयोगी ठरली. ‘जुनी मालिका, तीही डीव्हीडीवर, म्हणजे चित्र धूसरच असणार’ असा एक समज आहे. तो अर्धाच खरा आहे. ब्रिटिश दूरचित्रवाणीच्या ६२५ ओळींच्या प्रणालीत प्रत्यक्ष चित्राच्या ओळी ५७६ असत, आणि युरोपीय डीव्हीडीतही नेमक्या ५७६च ओळी असतात. त्याआधीच्या ४०५ ओळींच्या प्रणालीत तर त्याहून कमी. म्हणजे चित्रफितीवर घडलेल्या कार्यक्रमात जेवढा तपशील होता, तेवढा मावण्यापुरती जागा या चकतीत आहे. मूळच्या फितीतच नसलेला तपशील आणखी महागडी चकती आणून उगवत नाही.

खरी अडचण ओळींची नव्हती, गतीची होती. चित्रफीत दर सेकंदाला ५० अर्धचित्रे दाखवते, त्यामुळे तिच्यातली हालचाल जिवंत, समोर घडत असल्यासारखी वाटते. फिल्मवर नक्कल करताना २५च चौकटी उरल्या आणि हालचालीचा तो सळसळता भाव हरपला. ‘रेस्टोरेशन टीम’ या तंत्रज्ञांच्या गटाने ‘विडफायर’ नावाची प्रक्रिया वापरून दोन चौकटींच्या मधली हालचाल संगणकाने मोजली आणि गाळलेली अर्धचित्रे पुन्हा रचली. ज्यांनी ती मालिका लहानपणी पाहिली होती, त्यांना हा फरक चटकन जाणवतो. फिल्मवरून ‘जुना चित्रपट’ वाटणारी कथा अचानक ‘आज संध्याकाळी स्टुडिओत घडत असलेले नाटक’ होते. आणि ती मुळात तशीच होती.

पण थांबा. ही अर्धचित्रे मूळ आहेत का? नाहीत. ती अनुमानाने रचलेली आहेत. मूळ अनुभवाच्या अधिक जवळ, तरीही मूळ साधनापासून एक पाऊल दूर. पाठचिकित्सेत याला जबाबदार अनुमान म्हणता येईल, पण त्याखाली टीप हवी.

रंगाची गोष्ट याहून नवलाची. १९७० पासून मालिका रंगीत झाली, पण त्या काळातल्या कित्येक भागांच्या रंगीत फितीही पुसल्या गेल्या आणि उरल्या त्या कृष्णधवल फिल्म. ‘द डीमन्स’ या कथेसाठी १९९२ साली तंत्रज्ञांनी अमेरिकेत कोणीतरी घरच्या यंत्रावर उतरवून घेतलेले रंगीत मुद्रण वापरले: चित्राची रेखीवता कृष्णधवल फिल्मची, रंग त्या घरगुती फितीचा, आणि दोन्हींची एकावर एक जुळणी.

जिथे अशी फीतही नव्हती, तिथे कृष्णधवल फिल्ममध्येच रंग सापडला. हे वाक्य पुन्हा वाचावेसे वाटेल, म्हणून खुलासा करतो. त्या प्रणालीत रंगाची माहिती चित्राच्याच संकेतात सूक्ष्म स्पंदनांच्या रूपाने मिसळलेली असे. कृष्णधवल पडद्यावर तिचे बारीक ठिपके दिसत. नक्कल करण्यापूर्वी हे ठिपके गाळायचे, असा नियम होता. पुष्कळदा ते गाळले गेले नाहीत आणि दोष म्हणून फिल्मवर उतरले. सुमारे साडेतीन दशकांनंतर जेम्स इन्सेल यांच्या डोक्यात कल्पना आली की हा दोष म्हणजेच रंगाची नोंद आहे. रिचर्ड रसेल यांनी ती वाचणारी संगणकप्रणाली लिहिली. डिसेंबर २००८ मध्ये ‘डॅड्स आर्मी’ या विनोदी मालिकेचा एक भाग या पद्धतीने पुन्हा रंगीत होऊन प्रक्षेपित झाला. २०१३ साली ‘द माइंड ऑफ एव्हिल’चे पाच भाग असेच रंगीत झाले. पहिल्या भागात मात्र ते ठिपके नव्हते, म्हणून त्याला चौकटीमागून चौकट हाताने रंगवावे लागले. एकाच चकतीवर एकाच कथेचे सहा भाग, त्यांपैकी पाचांचा रंग पुराव्याने सिद्ध आणि एकाचा कलावंताच्या अभ्यासू हाताचा. पाहताना सांधा जाणवत नाही. अभ्यासताना तो जाणवलाच पाहिजे.

पुण्याच्या भांडारकर संस्थेने १९६६ साली पूर्ण केलेली महाभारताची चिकित्सक आवृत्ती ज्यांनी उघडून पाहिली असेल, त्यांना हा मुद्दा लगेच उमगेल. वर निश्चित केलेला पाठ, खाली पाठभेद, आणि नंतर भर पडलेले श्लोक वेगळे काढून दाखवलेले. ‘डॉक्टर हू’च्या उत्तम डीव्हीडींवर निर्मितीची माहिती देणाऱ्या उपशीर्षकांचा एक स्वतंत्र थर असतो. तो चालू केला की कोणते दृश्य केव्हा चित्रित झाले, संहितेत काय होते आणि काय वगळले गेले, हे चित्राखाली सरकत राहते. माझ्या मते त्या पेट्यांचे खरे मोल या तळटीपांत आहे.

हरवलेल्या भागांच्या ॲनिमेशनविषयी मात्र माझे मत इतके उदार नाही. २००६ साली ‘द इन्व्हेजन’ या कथेचे दोन हरवलेले भाग प्रथम अशा रीतीने भरून काढले गेले. ते कृष्णधवल होते, मूळच्या चौकोनी पडद्याच्या मापात होते आणि शेजारच्या खऱ्या भागांशी नम्रपणे जुळवून घेत होते. पुढे हा संयम सुटला. काही ॲनिमेशन रंगीत आणि रुंद पडद्याची झाली. २०२० साली आलेल्या ‘द फेसलेस वन्स’मध्ये तर भिंतीवर ‘मास्टर’ या खलनायकाची भित्तिपत्रके डकवलेली दिसतात. कथा १९६७ची आणि हे पात्र प्रथम पडद्यावर आले १९७१ साली! चाहत्यांना गंमत वाटावी म्हणून केलेली ही करामत आपल्या परिभाषेत शुद्ध क्षेपक आहे. त्यापेक्षा क्युरा यांची स्थिरचित्रे मूळ ध्वनीवर एकामागून एक दाखवणारी मांडणी मला अधिक प्रामाणिक वाटते. ती कंटाळवाणी असेल, पण जे नाही ते असल्याचा आव आणत नाही.

आता अपुरेपणाचा दुसरा प्रकार. इथे फीत शाबूत असते, पण हक्क नसतात.

१९६५च्या ‘द चेस’ या कथेत नायक आणि त्याचे सोबती काळ-अवकाश दाखवणाऱ्या यंत्रावर बीटल्सचे गाणे पाहतात. ती चित्रे ‘टॉप ऑफ द पॉप्स’ या बीबीसीच्याच संगीतकार्यक्रमातली. त्या कार्यक्रमाचा तो भाग पुढे पुसला गेला, म्हणून ‘डॉक्टर हू’मध्ये उरलेला तुकडा संगीताच्या इतिहासासाठीही अमोल ठरला. आणि उत्तर अमेरिकेत निघालेल्या डीव्हीडीतून, हक्कांच्या अडचणीमुळे, नेमका तोच वगळण्यात आला.

अमेरिकेत तर ही व्यथा नित्याची. एका रेडिओ केंद्राची कथा सांगणारी ‘डब्ल्यूकेआरपी इन सिनसिनाटी’ ही १९७८ ते १९८२ या काळातली मालिका घ्या. तिच्यात खरी गाजलेली गाणी वाजत, आणि कित्येक विनोद त्या गाण्यांवरच उभे होते. २००७ साली पहिल्या पर्वाची डीव्हीडी आली तेव्हा बरीच गाणी काढून त्या जागी भाडोत्री सुरावटी भरल्या होत्या. पेटीवर पर्व पूर्ण. आत रेडिओ केंद्र, पण त्याचा रेडिओच बदललेला. २०१४ साली दुसऱ्या प्रकाशकाने पुष्कळशी मूळ गाणी परत मिळवून नवा संच काढला. एकाच मालिकेच्या या दोन आवृत्त्या शेजारी ठेवल्या की ‘पाठ’ हा शब्द दूरचित्रवाणीलाही किती लागू पडतो ते कळते.

याउलट ‘आय लव्ह लुसी’ ही १९५१ सालची, म्हणजे बारा वर्षांनी जुनी मालिका आजही लख्ख दिसते. कारण पूर्णतः व्यावहारिक होते. ल्युसिल बॉल आणि देसी आर्नाझ यांना हॉलिवूड सोडून न्यूयॉर्कला जायचे नव्हते, म्हणून त्यांनी ३५ मिलिमीटर फिल्मवर चित्रण करण्याचा आग्रह धरला, मानधनात कपात सोसली आणि मोबदल्यात त्या फिल्मची मालकी घेतली. ज्याची मालकी असते, त्याची राखणही होते.

काही हानी मात्र भरून येण्याची आशाच नाही. १९६५च्या नाताळच्या दिवशी दाखवलेला ‘द फीस्ट ऑफ स्टीव्हन’ हा भाग सणापुरता हलकाफुलका होता, म्हणून तो परदेशी विक्रीसाठी ठेवलाच नाही. म्हणजे जगाच्या कुठल्याही तळघरात त्याचे रीळ विसरले जाण्याची वाट आरंभीच बंद झाली. त्याचा ध्वनी तेवढा ऐकता येतो.

आणि सर्वांत ताजी नोंद. २०२३ साली, मालिकेला साठ वर्षे झाली तेव्हा, बीबीसीने आपल्या आयप्लेअर या सेवेवर आठशेहून अधिक भाग एकत्र आणले. त्यांत एक कथा नव्हती: २३ नोव्हेंबर १९६३ रोजी सुरू झालेली, ‘ॲन अनअर्थली चाइल्ड’ ही पहिलीच. लेखकाच्या वारसाकडील हक्कांबाबत करार होऊ शकला नाही. तिचे चारही भाग सुस्थितीत आहेत आणि २००६ साली निघालेल्या ‘द बिगिनिंग’ या डीव्हीडी संचात, पहिल्या भागाच्या नाकारलेल्या चाचणी-चित्रणासह, आहेत. जुन्या वस्तूंच्या दुकानात तो संच दिसला तर पेटी उघडून तिन्ही चकत्या जागेवर आहेत ना, एवढे आधी पाहून घ्या.